भरली गाडी, रिकामी गाडी

तिसऱ्या दिवशी महागावच्या किराणा दुकानासमोर मी एक खोकं कानाशी धरून हलवलं. आत काही वाजलं नाही. मिक्सर मावेल एवढं खोकं, चारी बाजूंनी खाकी चिकटपट्टी, वर कोल्हापूरच्या एका दुकानाचं नाव, आणि हाताला नुसत्या पुठ्ठ्याचं वजन. मी दुसरं उचललं. तेही तसंच.

"आप्पा," मी म्हणाले, "ही रिकामी आहेत."

टेम्पोच्या मागच्या दाराशी उभे राहून आप्पा एकेक खोकं उचलून इस्माईलच्या हातात देत होते. ते थांबले नाहीत.

"खाली ठेव ते."

"पण आप्पा..."

"अक्का, खाली ठेव. दुसऱ्याचं पार्सल असं हलवून बघू नये."

दुकानदार नावं न वाचताच खोकी आत घेत होता. नाव वेगळं, गाव वेगळं, तरी सगळी त्याच्याच पोटमाळ्यावर जात होती. बत्तिसावं खोकं घेतल्यावर त्यानं इस्माईलला विचारलं, "उद्या पण एवढीच काय रं? माळा भरला की." इस्माईलनं त्याच्याकडे न बघता हातातल्या यंत्रावर बटण दाबलं. यंत्र टुंय्‌ करून वाजलं. बत्तीस नग पोचले.

मी पुढे जाऊन केबिनमध्ये बसले आणि दार आपटलं.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची, संक्रांतीच्या आठवड्यातली. मी कोल्हापूरला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सणासाठी गडहिंग्लजला घरी आले होते. आप्पांनी त्याच दिवाळीत साखर कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. अठ्ठावीस वर्षं ते काट्यावर होते. उसाची गाडी भरून आली की काट्यावर चढते, तिचं वजन होतं. ऊस ओतून रिकामी परत आली की पुन्हा चढते. भरलीतून रिकामी वजा केली की उरतो तो ऊस. आप्पांचं सगळं आयुष्य या वजाबाकीत गेलं होतं, आणि त्यांचा हात असा तयार झाला होता की भाजीवालीनं तराजू उचलायच्या आत ते म्हणायचे, "मावशी, पावशेर जास्त हाय, काढ." मी जन्मले तेव्हा सुईणीनं मला त्यांच्या हातात दिलं, तर ते म्हणाले, "सव्वादोन किलो." नर्सनं काट्यावर ठेवलं. सव्वादोनच. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की मला तिचा कंटाळा आला होता.

निवृत्तीनंतर दोन महिने आप्पा घरात बसले. कारखान्याचा भोंगा झाला की उठून उभे राहायचे आणि मग आठवण झाल्यासारखे पुन्हा बसायचे. मग कुठूनतरी मोहन डोणकर आला. एका मोठ्या कुरिअर कंपनीची गडहिंग्लज-महागाव-आजरा-गवसे ही लाईन त्याच्याकडे होती. रोज सकाळी कोल्हापूरहून पार्सलं येणार, ती त्यानं वाटायची, कंपनी त्याला नगावर पैसे देणार. ती लाईन त्याला विकायची होती, गाडीसकट, ड्रायव्हरसकट. मागत होता ती रक्कम म्हणजे आप्पांचा जवळजवळ सगळा फंड होता. माझं पुढचं शिक्षण त्यातच होतं, आईचा म्हातारपणाचा आधार त्यातच.

आईचं म्हणणं एकच. "ब्यांकेत ठेवा आनि गप बसा घरात."

"गप बसाय जमंना म्हणून तर चाललंय," आप्पा म्हणायचे.

कंपनीच्या कराराची प्रत डोणकरनं दिली होती. इंग्रजीत, सव्वीस पानं. आप्पांनी ती माझ्यापुढे ठेवली, आणि मी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, आईच्या तिळाच्या वासात बसून, शिकलेलं सगळं पणाला लावून ती वाचली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की लाईन घेणारा हा कंपनीचा नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार आहे.

"काय म्हणालीस? परत म्हण."

"स्वतंत्र कंत्राटदार."

"स्वतंत्र," आप्पा म्हणाले. त्यांनी त्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. "हितं तसं छापलंय?"

"छापलंय. पण आप्पा, त्याचा अर्थ वेगळा आहे. स्वतंत्र म्हणजे गाडी तुमची, डिझेल तुमचं, ड्रायव्हरचा पगार तुमचा, उद्या अपघात झाला तर तोही तुमचा. लाईन मात्र कंपनीची. बाविसावं कलम बघा. तीस दिवसांची नोटीस देऊन कंपनी ती कधीही काढून घेऊ शकते. कारण द्यायचीही गरज नाही."

आप्पांनी त्या ओळीवरचं बोट उचललं.

"लाईन जर कंपनीची," ते म्हणाले, "तर मोहन विकतोय काय?"

मी पान उलटून पुढचं कलम वाचायला लागले. खरं तर तो प्रश्नच उत्तर होता, पण मी एकवीस वर्षांची होते आणि वाटत होतं, कलमं मी वाचली आहेत म्हणजे प्रश्नही मीच विचारायचे.

डोणकर म्हणाला होता, "तीन दिवस गाडीतनं फिरा. नग मोजा. पटलं तर सोमवारी कागद करू." आप्पांनी मला बरोबर घेतलं. मोजायला कुणीतरी हवं, असं कारण सांगितलं.

पहिल्या दिवशी डोणकर स्वतः आला. चाळिशीचा, हसरा, सतत बोलणारा माणूस. गोडाऊनमध्ये गाडी भरताना आप्पा प्रत्येक खोकं स्वतः उचलून आत ठेवत होते.

"बसवंतआप्पा, तुमी कशाला उचलालाय? मालक हाय तुमी आता."

"सवय."

"ते उसाचं डोस्क्यातनं काढा. ऊस वजनावर चालतोय. पार्सल नगावर. बुटाचं खोकं असूदे न्हाईतर फ्रीज, कंपनीला नग म्हंजे नग."

"व्हय, ते बरं हाय," आप्पा म्हणाले.

वाटेत डोणकर माझ्याशीही बोलला. "पोरी, लाईन म्हंजे दुभती म्हस बघ. वैरण कंपनीची, दूध आपलं."

"आणि म्हस कुणाची?" आप्पांनी विचारलं.

डोणकर खो खो हसला. इस्माईल गाडी चालवत होता, तो हसला नाही. इस्माईल दरवाजकर आजऱ्याचा. पस्तिशीचा असेल. त्या लाईनवर मालक तिसरा होत होता, ड्रायव्हर तोच होता.

त्या दिवशी एकशे अठ्ठेचाळीस नग झाले. मी वहीत लिहून ठेवले. डोणकरला एवढी खात्री वाटली की पुढचे दोन दिवस तो आलाच नाही. इस्माईल आणि आम्ही दोघं.

दुसऱ्या दिवशी गाडी भरून निघालो आणि गावाबाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "इस्माईल, जरा कारखान्याकडनं काढ. आमच्या पांडबाला भेटून जाऊ."

हंगाम जोरात होता. काट्यासमोर उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, मळीचा वास. आमचा बंद डब्याचा छोटा टेम्पो त्या ट्रकांच्या मधे खेळण्यासारखा दिसत होता. आता काट्यावर बसणाऱ्या पांडबानं काट्याच्या केबिनच्या खिडकीतून मान बाहेर काढली.

"आप्पा! ऊस कुठला आनला म्हणायचा?"

"खोक्यातला."

"जात कुठली?"

"बघ की काट्यावर चढवून. तेवढंच माझं मन रमंल."

मागचे गाडीवान हसायला लागले. एकजण ओरडला, "आप्पा, रिटायर झालासा तरी काटा सुटंना व्हय!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझे वडील आपल्या जुन्या मित्रांना नवी गाडी दाखवतायत, अजून घेतलेलीही नसलेली. मी उतरून बाजूला उभी राहणार होते, तर आप्पा म्हणाले, "उतरू नको. आतच बस." मी पुस्तक काढून त्यात डोकं घातलं. पांडबानं एक चिठ्ठी दिली, आप्पांनी ती घडी करून वरच्या खिशात ठेवली.

संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन परत येतानाही तेच. पुन्हा पांडबा, पुन्हा काटा, पुन्हा "आतच बस." तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. मला वाटलं, घरात बसून बसून माणूस असा होतो.

म्हणून तिसऱ्या दिवशी महागावात ती खोकी हाताला लागल्यावर माझा संयम सुटला. आजऱ्याच्या स्टँडसमोर चहाला थांबलो. इस्माईल नमाजाला गेला होता. मी आप्पांच्या समोर बसले.

"आप्पा, हा माणूस स्वतःच रिकामी खोकी पाठवतोय. कोल्हापूरचं ते दुकान त्याच्या साडूचं असणार. महागावला एकाच दुकानात बत्तीस, इथे त्या स्टेशनरीवाल्याकडे अठ्ठावीस, सगळं एकाच पत्त्यावर कसं उतरतं? आपण घेईपर्यंत नग दाखवायचे, घेतलं की बंद. हे तुमच्या लक्षात येत नाही?"

"चहा निवालाय."

"सोमवारी तुम्ही सगळा फंड त्याच्या हातावर ठेवणार आहात."

"बिस्किट घे."

मग मी ते बोलले. पुस्तकं खूप वाचलेल्या माणसाला नेमकं कुठे लागेल ते बोलता येतं, हा एक शापच आहे.

"तुम्हाला कुणीही फसवू शकतं, आप्पा. अठ्ठावीस वर्षं काट्यावर बसलात, पण माणसाचं वजन तुम्हाला कळलं नाही."

शेजारच्या टेबलावरच्या माणसानं वळून बघितलं. आप्पांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि प्याले. बशी खाली ठेवताना ती वाजली नाही, एवढं मला आठवतं.

संध्याकाळी परत निघालो. महागावच्या पुढे चढावर इस्माईलनं गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवून समोर बघत म्हणाला, "आप्पा, एक सांगायचं हुतं."

"नको."

"तसं न्हवं. तुमी चांगलं माणूस हाय म्हणून..."

"इस्माईल, तुझी तीन लेकरं मोहनच्या पगारावर हाईत. तू काय सांगू नकोस. उद्या त्यानं विचारलं तर तुला शपथेवर म्हणता आलं पायजे की मी काय बोललो न्हाई." आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काटा सांगंल. चल."

मी मान वर केली. आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. उसाच्या ट्रॉल्या आम्हाला ओलांडून कारखान्याकडे चालल्या होत्या. आम्ही त्यांच्या मागोमाग आत गेलो. काट्यावर चढलो. या वेळी आप्पांनी सांगायच्या आधीच मी आत बसून राहिले.

सोमवारी सकाळी आप्पांनी अंघोळ करून कपाळाला विभूती लावली, इस्त्रीचा सदरा घातला आणि चेकबुक खिशात घेतलं. आई दारात उभी होती. आईचं न बोलणं बोलण्यापेक्षा जड असायचं.

डोणकरच्या घरी सगळी तयारी होती. स्टँपपेपर, पेढे, हळदकुंकवाचं ताट. त्याची बायको सुमन आम्हाला तिळगूळ देऊन आत गेली, पण पडद्याच्या खाली तिची पावलं दिसत राहिली.

"मग, बसवंतआप्पा? मोजलं काय सगळं?"

"मोजलं. पैल्या दिवशी एकशे अठ्ठेचाळीस, दुसऱ्या दिवशी एकशे बावन्न, तिसऱ्या दिवशी एकशे एकसष्ट."

"मी सांगितलंतं की!"

"नग बरोबर हाईत," आप्पा म्हणाले आणि वरच्या खिशातून चार चिठ्ठ्या काढून स्टँपपेपरवर ओळीनं मांडल्या. "ह्या बघा जरा."

डोणकरनं एक उचलली. "हे काय? कारखान्याची?"

"काट्याची पावती हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी भरली गाडी, संध्याकाळी रिकामी गाडी. तिसऱ्या दिवशी तसंच. दोन्ही वेळंला आत मी, इस्माईल आणि ही. हिला उतरू दिली न्हाई." तेव्हा मला ते 'आतच बस' कळलं. "आमचा काटा पाच किलोच्या खाली बोलत न्हाई, म्हणून थोडंफार हिकडं-तिकडं. पाच लिटर डिझेल जळालं, तेबी सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी एकशे एकसष्ट नगांचं वजन भरलं पंच्याण्णव किलो."

डोणकरनं चिठ्ठी उलटून मागची बाजू बघितली. तो हसायचा प्रयत्न करत होता. "आप्पा, म्या सांगितलंतं न्हवं, पार्सल नगावर..."

"नगावर चालतंय. पण नगात कायतरी असाय लागतंय, मोहनराव. नगाला सहाशे गिराम पण पडंना. पुठ्ठ्याचंच वजन पाव किलो हाय." आप्पांचा आवाज अजिबात चढला नव्हता. काट्यावर शेतकऱ्याला त्याच्या गाडीचं वजन सांगावं तसा. "त्या एकशे एकसष्टात माझ्या हाताला खरे अठ्ठावन्न लागले."

बाहेर कुणाच्या तरी अंगणात पतंगासाठी पोरं भांडत होती.

"एकोणसाठ," डोणकर म्हणाला.

"एक चुकला," आप्पा म्हणाले.

डोणकरनं चिठ्ठी खाली ठेवली. मग म्हणाला, "मला तर तीनशे दाखवलंतं, आप्पा. मी बी असाच तीन दिवस फिरलो. दिवाळीच्या तोंडावर. घेतली आनि पंधरा दिवसांत ऐंशीवर आली. दोन वर्सं ओढालोय. टायर, डिझेल, वर कंपनीचा दंड. पार्सल उशिरा गेलं की दंड. मी काय करणार हुतो? जशी आली तशी पुढं द्याची, एवढंच कळालं मला."

मला त्याच क्षणी उठून निघावंसं वाटलं. आपलं काम झालं होतं, आपण वाचलो होतो. मी आप्पांकडे बघितलं. ते उठले नाहीत.

"मला एक सांगा. तुमी मला नेमकं काय विकालाय?"

"म्हंजे? लाईन."

"ती कंपनीची हाय. आमच्या अक्कानं सव्वीस पानं वाचलीत. बाविसावं कलम." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, एखाद्या वकिलाची ओळख करून द्यावी तसं. "तुमची गाडी हाय. ती मी घेतो. बाजारात जो भाव हाय त्यो. लाईन तुमी कंपनीला परत करा, तसा कागद द्या. मी माज्या नावानं अर्ज करतो. एकोणसाठ नगांचा."

"आनि कंपनीनं दुसऱ्याला दिली तर?"

"दिली तर दिली. गाडी माजी, इस्माईल माजा, रस्ता सरकारचा."

"माजं बाकीचं पैसं?"

"ते बुडालेत, मोहनराव. दोन वर्सांमागंच बुडालेत. ते मी बुडवलं न्हाईत."

डोणकर उठून खिडकीपाशी गेला. त्याच्या पाठीकडे बघूनच मला कळलं, आता तो चिडणार.

"नेसरीचा एकजण हाय तयार," तो म्हणाला. "त्यो काय काट्याबिट्यावर जायाचा न्हाई. परवा टोकन देतोय."

"बरं हाय," आप्पा म्हणाले. "त्याला माझा पत्ता द्या. कारखान्यात माझी वळख हाय. रांगेत थांबावं लागणार न्हाई त्याला."

तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला. "द्या हो देऊन."

डोणकर वळला.

"गाडी द्या आनि सुटा," सुमन म्हणाली. ती बाहेर आली नाही. "दोन वर्सं झाली, घरात हसायचं ते फकस्त गिऱ्हाइकापुढं हसताय."

आप्पांनी खाली बघितलं. मीही. दुसऱ्याच्या घरातलं असं काही ऐकलं की माणसानं खालीच बघावं.

स्टँपपेपरवर शेवटी फक्त गाडीचा मजकूर लिहिला गेला. लिहिला मी. डोणकरनं सही केली, आणि सही करताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला पराभव म्हणता आलं नसतं. ते बुटातला खडा काढल्यावर असतं तसं काहीतरी होतं. निघताना आप्पांनी त्या चारही चिठ्ठ्या उचलून त्याच्याच हातात दिल्या.

"ह्या ठेवा. माझ्याकडं नकोत."

परत येताना आम्ही चालतच निघालो. बाजारातून, लक्ष्मीच्या देवळावरून.

"आप्पा, तुम्हाला कधी कळलं?"

"काय?"

"रिकामी आहेत ते."

"पैल्याच दिवशी. गोडाऊनात. तिसऱ्या खोक्याला."

मी थांबले. "मग मला का सांगितलं नाही? मी चहाच्या टेबलावर तुम्हाला... मी काय काय बोलले."

"हे बघ. माझा हात मला सांगतोय ते माझ्यापुरतं बास हाय. घ्याचं का न्हाई ते ठरवाय हात पुरतोय. पण दुसऱ्याला चोर म्हणायचं तर हात पुरत न्हाई. त्याला काटा लागतो. आनि एका दिवसाचं वजन पण धरायचं नसतंय. उसाची एखादी गाडी वाळल्याली निघतीया. म्हणून दोन दिवस." थोडं चालून गेल्यावर ते म्हणाले, "तू बोललीस ते मी सोडून दिलं. डिझेलसारखं."

आणि ते हसले. मला हसता आलं नाही. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली, तीत पेढे होते, आणि आम्ही घरी आलो.

कंपनीनं लाईन आप्पांना दिली. दीड महिना लावला, पण दिली. एकोणसाठ नगांसाठी रांग लावायला दुसरं कुणी नव्हतं. चार वर्षं त्यांनी ती चालवली. एकोणसाठाचे एकशे दहा झाले, खरे. पाचव्या वर्षी एक पत्र आलं. तीस दिवस. आप्पांनी त्याचा फोटो पाठवला आणि फोन करून मला ते वाचून दाखवायला लावलं. मी तेव्हा कोल्हापुरात वकिली करत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "कलम कितवं?"

"बावीस."

"बरोबर आलं बघ तुझं," ते म्हणाले. आवाजात समाधान होतं, माझा पेपर चांगला गेल्यासारखं.

तीस दिवसांनी त्यांनी गाडीवरचं कंपनीचं नाव खरवडून काढलं. आजऱ्याच्या औषध दुकानदारांचा माल, गवशाच्या काजूवाल्यांची पोती, महागावच्या शाळेची पुस्तकं, असं जे मिळेल ते आप्पा आणि इस्माईल नेऊ लागले. दारावर नाव घालायला पेंटर आला. 'बसवंत शिंत्रे' एवढं लिहून झाल्यावर आप्पा म्हणाले, "खाली 'स्वतंत्र' लिही."

"स्वतंत्र काय? वाहतूक? सेवा?"

"नुसतं स्वतंत्र."

ते अजून आहे. गाडी आता इस्माईल चालवतो. मालकही तोच आहे. अक्षरं उडाली की तोच पुन्हा रंगवून घेतो.

आप्पा गेल्या फाल्गुनात गेले. शेवटचे दोन महिने मी घरीच होते. त्यांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायचं काम माझं. पहिल्यांदा उचललं त्या सकाळी ते माझ्या खांद्यावर मान टेकून म्हणाले, "किती?"

मला कळलं काय विचारतायत. "पंचावन्न," मी म्हणाले.

"काटा मारालीस व्हय बापाचाच?" त्यांना हसू आलं, मग खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "बेचाळीस."

मी त्यांना खुर्चीत ठेवलं नाही. तशीच उभी राहिले, दोन्ही हातांत त्यांना घेऊन, डोळे मिटून. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट फक्त हातानं वाचायचा प्रयत्न करत होते.

"एक्केचाळीस," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इस्माईलच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. नर्सनं खुर्चीसकट काट्यावर घेतलं, मग खुर्चीचं वजन वजा केलं आणि कागदावर लिहायला लागली.

"किती भरलं?" आप्पांनी विचारलं.

"एक्केचाळीस, आजोबा."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि मग पुन्हा तिच्याकडे.

"आमच्या अक्कानं ते कालच सांगितलंय," ते म्हणाले.